कॉलर

शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास कार्यानुभव.
वेळापत्रकात आहे म्हणून आहे.
परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो उसना नेतात
आणि वाटीभर साखरेसारखा
विसरून जातात.

हाती लागेल त्या शनिवारी मी सुया वाटते.
मोजून एकेचाळीस. मोजून परत घेते.
एक कमी भरली तर सगळा वर्ग
सतरंजीवर तळहात फिरवत बसतो
घंटा होऊन गेली तरी.

ही मानवतची पोरं. दिवाळी झाली की
अर्धा वर्ग कापूस वेचायला.
बोंडाचं टोक लागू न देता
एका चिमटीत सगळा कापूस ओढून घेणारी बोटं,
आणि सुईत दोरा ओवताना
एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून
रडकुंडीला येतात.
शाळेच्या भिंतीपलीकडं जिनिंग.
गाठी भरून ट्रक निघतात,
कुठं जातात ते मला नकाशावर दाखवता येत नाही.
परत येतात ते आठवडी बाजारात, ढिगानं,
शंभरला एक, दीडशेला दोन.

नौशीननं विचारलं, "म्याडम, फाटला तर नवा घ्यायचा.
हे कामून शिकायलोत आपण?"
याच प्रश्नाचं उत्तर मी एकदा परीक्षेत
दोन पानं लिहिलं होतं, गुणही बरे पडले होते.
तिला म्हणाले,
"दोरा हातभर पुरे गं. लांब दोऱ्याला गाठी फार."

मग एकदा शर्टच उसवायला दिला,
बाजारातला, नवाकोरा, माझ्या पैशानं.
ब्लेडच्या टोकानं टीप टीप सुटत गेली,
बाही, खांदा, कड.
काखेत एका जागी टीप घसरली होती,
बोटभर वाकडी जाऊन
पुन्हा रस्त्याला लागलेली.
"मशीनला डुलकी लागली," कुणीतरी म्हणालं.
सगळे हसले.
मुंजाजी हसला नाही.
"मशीनला कशाला लागंल?
मही माय पुण्याकडं ह्याच कामाला हाय.
दिवसभर कॉलर."
"नुसती कॉलर?"
"नुसती. बाही दुसरी बाई लावती.
सगळा शर्ट तिला येत नाही."

ती वाकडी टीप हातोहात
मागच्या रांगेपर्यंत गेली.
नौशीननं तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं.

मुंजाजी मधल्या सुट्टीत यायला लागला.
कादरभाईंच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
त्यांची हातमशीन त्यांनी शाळेला देऊन टाकलेली,
चाक फिरवलं की अजून खोकते.
मांजरपाट, खडूच्या खुणा, पाठ, पुढचे दोन पल्ले.
डावी बाही उजवीकडं लावली,
उसवली, पुन्हा उजवीकडंच लावली.
काजं हातानं, पाच.
पहिली चार उंदरानं कुरतडल्यासारखी.
पाचवं एवढं नीट आलं की
मला दाखवायचं सोडून
स्वतःच बघत बसला.

आता कॉलर, म्हटलं. कागदावर आखूनही दिली.
त्यानं कागदाची घडी घालून कंपासपेटीत ठेवली.
"ती राहू द्या म्याडम. माय दिवाळीला यायलीय."

दिवाळी झाली.
सुट्टी मिळाली नाही, की गाडी, की अजून काही,
त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
तो शनिवारी येतो, लहान पोरांच्या सुया ओवून देतो,
केसात पांढरे तंतू.

परवा तपासणीला साहेब आले.
कपाट उघडलं. नकाशांच्या गुंडाळ्यांमागं
हँगरला शर्ट, गळ्याशी कच्चा टाका.
"हे अर्धवट कशाला ठेवलंय?"
वर्गाचं काम आहे साहेब, मी म्हणाले,
थोडं पुण्याहून यायचंय.