आकडा

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला
निपाणीच्या तंबाखूवाल्याची हायब्रीड उभी आहे.
काचेमागं लाल त्रिकोण.
मालक म्हणतो, "चालतीय की हो, नुसता दिवा लागतोय."
नागो अनगोळकर काही बोलत नाही.
आधी किल्ली मागून घेतो,
वीस पावलं लांब जाऊन पत्र्याच्या डब्यात टाकतो,
झाकण लावतो.

मग अंगठी. घड्याळ. चांदीचा करगोटासुद्धा.
मी बांगड्या उतरवते. काचेच्या आहेत,
वीज काचेला विचारत नाही,
पण काचेनं हातमोजा कापला तर
मला विचारेल.

नागो हातमोज्यात हवा कोंडतो,
मनगटाकडून गुंडाळत बोटांपर्यंत नेतो,
गालाशी धरतो.
सुईएवढं भोक डोळ्याला दिसत नाही,
गालाला कळतं.

माझं काम आकडा धरायचं.
पिवळ्या दांड्याचा, फायबरचा, माझ्याहून वीतभर उंच.
"मी चिकटलो तर मला शिवायचं नाही.
कमरेत आकडा घालायचा, ओढायचं.
रडायचं ते नंतर."

भिंतीवर ईरण्णानं पाटी रंगवलीय, कानडीत: अपाय.
खाली मराठीत लिही म्हणाला मला.
ब्रश बुडवला, आणि शब्द तोच निघाला.
त्यांच्यात धोका, आपल्यात इजा.
आधी कानडी वाचावं,
नाहीतर मराठी वाचावं लागतं.

साध्या बॅटरीची काळी तार सुटली.
मागच्या सीटखालचा नारिंगी प्लग
खट्ट करून निघाला, नागोच्या खिशात गेला.
आता दहा मिनिटं.
कुणी काही करायचं नाही.
आतली साठलेली वीज आपली आपण ओसरते,
घाई केली तर आपल्यातून ओसरते.

मालक फोनवर. बाहेर कंटेनर मागं घेताना
कुणीतरी ओरडतंय, बर्री, बर्री, निल्लु.
मी दांडा घट्ट धरलाय.
आमच्या वाडीत आकडा म्हणजे तारेवर टाकायचा.
बापानं टाकला होता, माझ्या बारशाच्या रात्री,
एका बल्बासाठी.
आई धावली ती मोकळ्या हातांनी.
शेजारच्या गंगव्वानं तिला केसांना धरून मागं ओढलं,
मग उखळातलं मुसळ घेऊन त्याला ढकललं.
डावा तळवा गेला. माणूस राहिला.
गंगव्वाला हे कुणी शिकवलं होतं, काय की.

"झाली?"
"अजून दीड."
"बरं."

मीटर आधी साध्या बॅटरीवर: बारा पूर्णांक चार.
मग नारिंगी तारेच्या टोकाला: शून्य.
मग परत साध्या बॅटरीवर: बारा पूर्णांक चार.
शून्य सांगणारा जिवंत आहे ना,
तेही बघावं लागतं.

"पेटी मेली समजू नको," नागो म्हणतो,
"आपण नुसती वाट मोडलीय."
झाकण उघडतं. डावा हात पाठीमागं,
पट्ट्यात खोचलेला. उजवा एकटाच आत जातो.
अठ्ठावीस खण.
सात पूर्णांक आठ. सात आठ. सात आठ. सात नऊ.
मी पाटीवर लिहीत नाही, ईरण्णा लिहितो,
माझे हात दांड्यावर.
चौदावा: सहा पूर्णांक चार.
त्याच्या पट्टीवर हिरवी बुरशी,
आणि वरच्या पंख्याच्या जाळीत
तंबाखूची भुकटी, नमद्यासारखी दाबून बसलेली.
गाडी चार वर्षं गोदामातला श्वास घेत होती.
मला शिंक येते. आकडा हलत नाही.

झाकण परत बसेपर्यंत ऊन शेडच्या आत आलेलं.
बिलात नागो सावकाश लिहितो:
खण, पट्टी, जाळी, मजुरी.
शेवटच्या ओळीत माझं नाव.
मालक चष्मा वर करतो.
"ही पोरगी तर नुसती उभी होती."

"होय," नागो म्हणतो,
आणि नावापुढं आकडा घालतो.