टिचकी

कोलबाडच्या पत्र्याच्या शेडमध्ये
टिपणीसकाका अजून वासाने आहेत:
रॉकेल, ग्रीस, थोडं खोबरेल.

भंगारात निघालेल्या डाकोटाचा उंचीमापक
त्यांनी कॅलेंडरच्या खिळ्यावर टांगला होता.
हवेचा दाब उतरला की काटा वर चढायचा
आणि काका शेडमधून ओरडायचे,
"शालन, आज आपण तीनशे फुटांवर! कपडे आत घे."
काकू घ्यायच्या. तळमजल्यावरून.

विमान गेलं की हातातला चहा थांबायचा.
वर न बघता सांगायचे,
इंजिनं किती, त्यातलं कुठलं खोकतंय.
स्वतः विमानात बसले ते हँगरमध्येच,
जमिनीवर उभ्या असलेल्या.

मला शिवणयंत्र उघडायला शिकवलं त्यांनी.
"उलट्या आट्यांचा स्क्रू आहे हा, जोर नको.
आधी ऐक त्याचं."
मी अकरा वर्षांची. कान लावला.
काहीच ऐकू आलं नाही.
त्यांना तेही चाललं.

आज भंगारवाला आलाय काटा घेऊन.
ग्रामोफोनची चावी, तीन कार्बोरेटर,
बोर्नव्हिटाच्या डब्यांत निवडून ठेवलेले वायसर.
एका डब्यावर त्यांचं किरटं अक्षर:
"कशाचे ते आठवत नाही. टाकू नये."
काकूंनी तेवढाच मागे ठेवला.

उंचीमापक माझ्याकडे आला.
काटा शून्याच्या खाली, चाळीस फूट.
टिचकी मारल्याशिवाय यंत्र खरं बोलत नाही, म्हणायचे.
मारली.
जरासा हलला,
आणि कळव्याकडून, खाडीवरून, काहीतरी उडत आलं.
दोन इंजिनं, बहुतेक.
मला नक्की सांगता येत नाही.