प्रतिसादक सतरा

माझ्या तक्त्यात तो सतरावा.
पुरुष, वय एकसष्ट, रंगखात्यात एकोणचाळीस वर्षं.
नाव कुठेही येणार नाही, असं संमतिपत्रात मीच छापलंय.
तुम्ही काही परीक्षक नाही, म्हणून सांगते : आदेलिनु.

पोर्तोहून बसने चार तास.
डोंगराला पाठ टेकून बसलेलं गाव,
लोकरीच्या गिरण्या, बहुतेक बिनछपराच्या.
माझा प्रश्न साधा होता :
मालक हॉलंडात, गिरणी इथे, नवी गिरणी रुमानियात,
तर हातातली विद्या देश बदलताना
वाटेत सांडते किती?
अनुदान मागताना मात्र मी लिहिलं होतं,
'सीमापार ज्ञानहस्तांतरणातील घर्षण'.
सांडणं म्हटलं की पैसे मिळत नाहीत.

बंद कँटीनमध्ये त्याने थर्मासमधली कॉफी ओतली.
"तुम्ही कुणाकडून?"
मी म्हटलं, कुणाकडूनच नाही, मी फक्त बघते.
"ताकाला येऊन भांडं लपवू नका, बाई."
मी रेकॉर्डर टेबलावर मधोमध ठेवला.

तीन इंजिनियर आले होते उत्रेख्तहून.
दोन आठवडे त्याच्या पाठीशी उभे.
अंश, मिनिटं, ग्रॅम, आम्ल,
सगळं वहीत, कॅमेऱ्यात, पुन्हा वहीत.
तिकडे गेले, हंडे लावले, निळा काढला.
"वाईट नव्हता हो. निळाच होता.
आमचा नव्हता."
फोन आला. हा म्हणाला, पाणी.
त्यांनी पाणी तपासलं, क्षार कमी केले,
पुन्हा निळा, पुन्हा परका.
"ते पाणी मोजतात.
आम्ही जोखतो."

मग त्यालाच पाठवलं, अकरा दिवस.
गावाचं नाव त्याला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही.
तिथे एक मुलगी होती, ओतिलिया,
पूर्वी बेकरीत होती म्हणे.
सहाव्या दिवशी तिने हंड्यातून धागा उचलला
आणि कुणी न सांगता
खालच्या ओठाजवळ नेला, वाफेसकट.
असं तो करायचा.
वहीत ते नव्हतं.
दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून
वादही झाला नाही.
नवव्या दिवशी निळा उतरला.

आठ महिन्यांनी इथलं फाटक बंद.

मी विचारलं (प्रश्नावलीत नव्हतं) :
ठाऊक होतं तुम्हाला?
ती शिकली की इथलं संपणार?

रेकॉर्डिंगमध्ये पुढची अकरा सेकंदं
फ्रिजची घरघर,
आणि चमचा, एकदाच.
लेखी प्रतीत मी कंस करून लिहिलं : विराम.
संगणकाने विचारलं, या भागाला कोणतं लेबल?
विश्वास, संघर्ष, विरोध, इतर.

मग तो म्हणाला,
"पोरीचा हात चांगला होता."

दुसऱ्या परीक्षकाने लिहून पाठवलं :
एका शितावरून भाताची परीक्षा?
सैद्धांतिक भर अस्पष्ट.
शब्दमर्यादा ओलांडली आहे.
तिसऱ्या फेरीत मी ओतिलियाला काढलं,
मग ओठ, मग वाफ.
उरला ओळ क्रमांक सतरा :
हस्तांतरण – यशस्वी.
लेख छापून आला. मला बढती मिळाली.
आदेलिनुला प्रत पाठवली होती.
पाकीट परत आलं नाही,
म्हणजे पोचलं असावं.

रोटरडॅमच्या परिषदेत माझे पंधरा मिनिटं झाले,
मागच्या रांगेतून कुणी तरी उठलं,
बिल्ल्यावरचं नाव दिसलं नाही.
"तुमच्या प्रतिमानात बाण एकाच दिशेने जातो.
ज्याच्याकडून गेलं, त्याचा रकाना कुठंय?"

मी पडद्याकडे वळले.
बाण तिथेच होता, निळा,
संगणकाने स्वतःहून दिलेला निळा.
बोलायला तोंड उघडलं आणि मनात मोजू लागले.
एक. दोन. तीन.

चौथ्या सेकंदाला अध्यक्ष म्हणाले,
पुढचा प्रश्न.