सहीची रेघ

कुंदियावाहून आलेली बाई सांगते आहे,
"पान सात, उतारा तीन."
चर्चच्या सभागृहात आम्ही चौदा जणी आणि एक नोआ.
तो औषधांचं कोठार सांभाळतो,
त्याला प्रशिक्षण नकोच होतं, जेवण हवं होतं.
जनरेटर खोकतो. भिंतीवरचं चित्र विझतं, पुन्हा उजळतं.
मागच्या दारातून रताळी उकडल्याचा वास,
आणि पहिल्या रांगेतल्या पोरी वहीवर वाकून
तारीख घालतात, ठळक,
जणू तीही परीक्षेत येणार आहे.

सकाळी दंडातल्या काड्या शिकलो,
रबराच्या हातावर.
मी रबराला विचारलं, दुखतंय का गं?
सगळ्या हसल्या.

आता पान सात.
"नवऱ्याच्या सहीची यापुढे गरज नाही."
पाच शब्द. बाईने ते असे वाचले, जसं
साबण तिमाहीऐवजी दरमहा मिळेल, असं वाचावं,
आणि पान उलटलं.
नोआने हात वर केला. "मग जुने फॉर्म? दोन खोकी आहेत."
"ती रेघ खोडा. पेनाने. नवी छपाई येईपर्यंत."

पेनाने.

एकवीस वर्षं मी त्या रेघेची राखण केली.
बोट ठेवून दाखवायचे: इथे. त्याची सही.
येत नसेल तर अंगठा.
तो खाणीवर असेल तर थांब.
दुसरीच्या घरी असेल तर तिथे जा, गोड बोल.
वरच्या घाटीत मला चांगली नर्स म्हणतात,
कारण माझ्या रजिस्टरात खाडाखोड नसते.

गाग्मा तीनदा आली.
पहिल्यांदा पाचवं पाठीवर, बिलुममध्ये,
कपाळावरून सोडलेल्या विणीच्या झोळीत.
आमच्याकडे झोळीला आणि गर्भाशयाला एकच शब्द.
विणते बाई, भरतात दुसरे.
दुसऱ्यांदा ती सही घेऊन आली.
नवऱ्याचं नाव, त्यातलं एक अक्षर उलटं.
मी ओळखलं कुणी गिरवलंय ते.
फॉर्म परत दिला. मायेने दिला.
पाण्याचा पेलाही दिला, तेवढं आठवतं.
तिसऱ्यांदा रात्री आली, चौघांच्या खांद्यावर,
पोत्याच्या डोलीत.
तेव्हा कुणी सही मागितली नाही.

जेवणाची सुट्टी. रताळी, डब्यातला मासा.
"सिस्टर डेल्फिना, तुम्ही काहीच लिहून घेतलं नाही?"
चष्मा विसरले, म्हटलं.
चष्मा गळ्यातच होता, दोरीला.

दुपारी नाटुकलं.
एकीने नर्स व्हायचं, एकीने बाई.
मला बाई केलं, सगळ्यांत म्हातारी म्हणून.
नर्स रुथलिन, बावीस वर्षांची, कानात लाल मणी.
नाव काय?
गाग्मा, मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.
रुथलिनने फॉर्म बाजूला सारला.
"गाग्मा, तुला काय हवंय?"
आणि गप्प बसली. खरंच गप्प. वाट बघत.
पोरींना वाटलं, मी वाक्य विसरले.
कुणीतरी मागून कुजबुजून सुचवलंही.
मला तो प्रश्नच नवा होता.
एकवीस वर्षांत मी तो
कधी कुणाला विचारला नव्हता,
मग उत्तर कुठून माहीत असणार?

संध्याकाळी कोठारात नोआने टॉर्च धरला.
मी पहिलं खोकं उघडलं, पट्टी लावली,
सहीच्या रेघेवर सरळ रेघ मारली.
नीट. नेहमीसारखी.
लांब धरून बघितलं तर
रेघेवर रेघ, जास्तच ठळक.
कुणीही येऊन त्यावर सही केली असती.

पट्टी ठेवली बाजूला.
मग खरवडलं. आडवं, उभं, तिरकं,
कागद मागून फुगेपर्यंत.
"सिस्टर," नोआ म्हणाला, "घाण दिसतंय."
टॉर्च नीट धर, मी म्हटलं.
अजून दोन खोकी आहेत.