येणे बाकी

डिसेंबरात आकडा आला.
मी इस्त्री तापत ठेवली होती.
रेडिओवरचा माणूस एकेचाळीस कोटी वीस लाख डॉलर म्हणाला
आणि मग थोडा वेळ काहीच म्हणाला नाही.
तेरा वर्षांचा करार. समुद्राकाठचा संघ,
ज्यांच्याकडे असले चार आधीच आहेत.

रादामेस मिएसेस मोकळा झाला,
सगळे हाच शब्द वापरत होते. फ्री एजंट. मोकळा.
माझ्या धंद्यात मोकळा झालेला दोरा ओढला
की अख्खी शिवण हातात येते.

भाचा काझ हिशेबाला पक्का.
माझे तासाचे एकोणीस डॉलर धरून
सँडविचच्या कागदावर, मोहरीच्या डागाशेजारी,
त्यानं भागाकार केला:
मावशी, तुला दहा हजार चारशे पंचवीस वर्षं लागतील.
तळ्याकाठच्या पाटीवर लिहिलंय,
हिमनदी वितळून हे तळं झालं ते साधारण तेव्हा.
म्हणजे मी तिथे काठावर बसायचं,
बर्फ मागे सरकताना बघत, काजं करत.
आम्ही खूप हसलो. कॉफी निवली.

गावानं त्याला गद्दार ठरवलं.
मालकांनी पत्रक काढलं: आमची बाजारपेठ लहान, आम्ही कुठून आणणार.
त्याच आठवड्यात पार्किंग पाच डॉलरनं वाढलं.
त्याला कोणी काही ठरवलं नाही.

जानेवारीत सरावाचे शर्ट आले खोक्यातून.
नावं काढायचं काम माझं.
मिएसेस, सहा अक्षरं. उसवणीची सुई बारीक लागते,
घाई केली तर कापड फाटतं
आणि न फाटताही
अक्षराच्या जागी कापड गडद राहतं,
ऊन न लागलेलं.

टाक्याला टका मोजणारी मी नव्हे,
पण वाया काही घालवत नाही.
नेब्रास्काचा एक पोरगा आला त्याच्या जागी,
सर्वांत कमी पगारावर, कानामागे पुरळ उठलेला.
आडनाव सिम्स.
दोन एस, एक आय, एक एम,
सगळं घरातच निघालं.
उरले दोन ई. ते बटणांच्या डब्यात टाकले.

मेमध्ये ते आले, समुद्राकाठचे.
स्टेडियम इतकं ओरडत होतं
की माझ्या तळघरात कात्र्या थरथरल्या.
सामन्याला तास असताना दारात तो,
हातात पँट, पायात नुसते मोजे.
दोन्या बर्निस, म्हणाला, तिकडे तीन शिंपी आहेत,
माप यंत्र घेतं, लाल उजेड पाडून.
तरी डावी घोळते.

घोळणारच.
डावा पाय अर्धं बोट आखूड आहे त्याचा.
एकोणीस वर्षांचा असताना आला होता इथे, इंग्रजीचे चार शब्द घेऊन,
आणि मी गुडघ्यावर बसून, तोंडात टाचण्या धरून,
ते अर्धं बोट शोधलं होतं.
कोणाला सांगितलं नाही.
करारात अशी गोष्ट किती शून्यं खाते, कोण जाणे.
त्यानंही कधी विचारलं नाही, सांगितलंस का म्हणून.

घडी घातली, टाके घातले.
आई कशी आहे, विचारलं. तिला घर बांधलं, म्हणाला,
तिला जिना चढवत नाही, ती खालीच झोपते.
मग बराच वेळ नुसतं मशीन चाललं.

शंभराची नोट ठेवली त्यानं.
मी म्हटलं, माझा दर पाच.
सुटे नव्हते माझ्याकडे. त्याच्याकडे तर नव्हतेच.
नोट परत केली.
वर जाताना त्यानं नव्या शर्टांच्या रांगेकडे पाहिलं,
सिम्सच्या पाठीवर बोट फिरवलं जरासं,
जिथे कापड अजून गडद होतं.

त्या रात्री तो दुसऱ्या बेसवर घसरत गेला,
धूळ उडाली, गाव उभं राहून शिव्या देत होतं.
मी टीव्हीवर फक्त डावी मोहरी पाहिली.
बरोबर बसली होती.

घरी येऊन वही काढली,
किराण्याच्या पानामागे लिहून ठेवलं:
मिएसेस. पाच डॉलर. येणे.