खिडकी कुठली

कोलेटनं जेवणाच्या टेबलावर दोन पत्रं ठेवलीत,
मधे मिठाची बाटली, म्हणजे मिसळायला नकोत.
मिसळली तरी काय बिघडणार आहे?
दोन्ही जाड कागदाची, दोन्हींवर तोच निळा शिक्का,
दोन्हींत ‘कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे’.
अठराशे मुलं एकीकडे, एकोणीसशे दुसरीकडे.
फीमधला फरक चारशे डॉलर,
म्हणजे बाबांच्या ट्रॅक्टरचं एक टायर,
तेही वापरलेलं.

मार्चमध्ये मीच तिला दोन्ही दाखवून आणली,
माझ्या ट्रकमधून. हीटर एकाच बाजूला चालतो,
ती बाजू तिला दिली.
ॲल्डन इथून चार तास. हार्लो सात.
टेकडी, विटांच्या इमारती, पांढरा मनोरा,
मनोऱ्यावर घड्याळ,
आणि उलट्या पावली चालत
सगळं समजावून सांगणारा लाल टोपीतला मुलगा.
दोन्हीकडे उलट्या पावली. दोन्हीकडे लाल टोपी.
मला वाटलं, हाच पोरगा
मधल्या रस्त्यानं आमच्या पुढे निघून आला की काय.

उद्या एक मे. रात्री बारापर्यंत कळवायचं.
शेताच्या कडेला अजून बर्फ आहे, काळा पडलेला.
बाबा म्हणतात, बेण्याचे दोन बटाटे सारखे असले
तर हाताला येईल तो लावावा,
पुढचं माती बघते.
आई काही म्हणत नाही.
भांडी पुसता पुसता फक्त विचारते,
डिसेंबरात तो रस्ता कितपत साफ असतो.

आणि कोलेट विचारते,
रेमी, ती खिडकी कुठली रे?

खिडकी. मार्चमध्ये कोण उघडतं खिडकी,
पण आतला रेडिएटर फार तापला असणार.
पहिला मजला. आत एक मुलगी मास्तरांशी भांडत होती,
म्हणजे आवाज चढलेला, थरथरणारा,
तुम्ही फळ्यावर लिहिलंय ते चूक आहे, म्हणत होती.
मग जरा वेळ काहीच नाही.
मग मास्तर हसले, मोठ्यानं, खूश होऊन,
आणि म्हणाले,
‘मग सिद्ध करून दाखव.’

कोलेट खाली चिखलात थांबून राहिली होती.
लाल टोपी पुढे गेली, सगळे पालक पुढे गेले.
आता तिला ती मुलगी आठवते, ते हसणं आठवतं,
खडू मोडल्याचा आवाजसुद्धा.
कॉलेज आठवत नाही.

मला आठवतं.
ट्रक त्याच भिंतीला लावला होता मी,
ट्यूनाचं सँडविच खात बसलो होतो, काच खाली करून.
तेव्हापासून बटाट्याच्या शेडमध्ये
पट्ट्यावरून दगड वेचताना
तोंडातल्या तोंडात म्हणत असतो ते वाक्य.
मला असं कुणी म्हणत नाही.
मला म्हणतात, रेमी, ते पॅलेट उचल.

ॲल्डन म्हणालो
तर शुक्रवारी रात्री ती घरी,
सोफ्यावर पाय वर घेऊन, माझे मोजे घालून.
हार्लो म्हणालो तर थँक्सगिव्हिंग. कदाचित.
म्हणालो,
‘आठवत नाही.’

तिनं मान वर केली.
लहानपणी पत्त्यांत मी पान लपवलं
की अशीच बघायची, डाव्या भुवईनं.
‘मग सिद्ध करून दाखव,’ म्हणाली.

बूट न बांधताच बाहेर गेलो.
ट्रकच्या कप्प्यात हातमोजे, पाना, अर्धी च्युइंगगमची पट्टी,
आणि खाली पार्किंगची पावती, तेलाचा डाग पडलेली.
वेळ दोन चाळीस. वर नाव छापलेलं.
ट्रकमध्ये बसून राहिलो थोडा वेळ.
हीटर तिच्या बाजूचा लावला, उगाच.
मग आत येऊन पावती मिठाच्या बाटलीखाली ठेवली,
पालथी,
आणि झोपायला गेलो.

सकाळी बाटली जागेवरच होती.
पावती नव्हती.
कोलेट बाहेर, बाबांबरोबर बेणं उतरवत,
आई मला कॉफी ओतत विचारत होती,
तुझ्या त्या ट्रकची टाकी
एकदा भरली की कुठवर जाते.