थर्माकोलची भिंत

ट्रकमधून भिंत उतरली
आणि अर्धं गव्हाण हसलं.
मल्लप्पाने एका हातावर दोन ठोकळे तोलले,
"शेठ, घर बांधायचं का मखर?"
धाकट्या काकाने अंगठ्याने दाबून पाहिलं.
नख रुतलं. तो काही बोलला नाही.

तीन दिवस खाचेत खाच बसवत गेलो.
पोरं केसांत पांढरे दाणे घेऊन शाळेत गेली.
मग सळया. मग काँक्रीट, हात-हातभर,
घाई केली तर साच्याचं पोट फुगतं.
आग्नेय कोपऱ्यात फुगलंच.
मल्लप्पाने फळ्या ठोकल्या, टेकू लावले,
आणि कानडीत एक सणसणीत शिवी हासडली.
"शिवी दिलान ना," विठाकाकी म्हणाली,
"म्हंजे भिंत झाली."

इथे साचा काढायचा नसतो.
ज्याने धरून ठेवलं तो आतच राहतो.
हे मल्लप्पाला प्लास्टर सुकलं तरी पटेना,
पक्कड घेऊन दोनदा येऊन गेला.

आता मे. दुपारचे दोन.
खाडीवरून भट्टीचं वारं.
भिंतीला पाठ टेकून बसलोय,
मीटर म्हाताऱ्या बैलासारखा चालतोय.

आईच्या फोटोचा स्क्रू मात्र कुठेच धरेना.
टकटक करत आतली प्लास्टिकची पट्टी शोधली,
सापडली ती खिडकीला अगदी लागून.
म्हावरेवालीची हाक या भिंतींतून येत नाही,
म्हणून अकराच्या सुमाराला
ती खिडकी चार बोटं उघडी ठेवतो.
थोडा गारवा जातो.
जाऊ दे.